बेंड रेडियस कॅडमध्येच पक्का करा: फॉर्मिंग टूल डिझाइनला नव्याने बसलेल्यांसाठी

नाशिकच्या अंबड भागातल्या एका टूलरूममध्ये नोकरी लागून मला आठ महिने झाले होते. ३ मिमी एचआर (हॉट रोल्ड) पत्र्याच्या ब्रॅकेटचं ९० अंशाचं व्ही-टूल हे मी एकटीने केलेलं पहिलं डिझाइन. पहिल्या ट्रायलला ब्रॅकेट ९३ अंशांवर उघडा आला. टनेज वाढवलं, तरी ९२. शेवटी आमच्या फिटर काकांनी सोल्डरची तार दुहेरी करून टूलच्या कोपऱ्यात ठेवली, दोन्ही अंगांना ३ मिमी पत्र्याचे तुकडे लावले आणि प्रेस हळूच बंद करून उघडला. चेपलेली तार मायक्रोमीटरमध्ये धरली तर ४.२ मिमी.

"मॅडम, पत्रा तीनचा, आणि कोपऱ्यात जागा सव्वाचारची. पत्र्याला दाब लागणार कुठनं?"

चूक माझ्या मॉडेलमध्ये होती. सरळ एल आकाराचा सॉलिड काढून मी शेवटी आतल्या कडेला ३ चा फिलेट, म्हणजे कडेची गोलाई, मारला होता आणि बाहेरच्या कडेलाही ३ चाच. बाहेर ६ हवा होता. दोन्हीकडे सारखाच फिलेट दिला की कोपऱ्यातली जाडी जाडीच्या १.४१ पट होते, म्हणजे ३ च्या जागी ४.२४. स्क्रीनवर हे दिसत नाही. गोलाई छान दिसते, रेंडर केलं तर जास्तच छान.

दरवर्षी सातपूर-अंबडच्या टूलरूममध्ये धुळे, मालेगाव, जळगावकडून डिप्लोमा करून आलेली मुलं-मुली बसतात, सिडकोत खोली घेतात आणि पहिल्या सहा महिन्यांत हीच चूक थोड्याफार फरकाने करतात. मी काय शिकले ते त्यांच्यासाठी क्रमाने लिहिते आहे. मुळात एका बेंडला रेडियस एक नसतो, तीन असतात: ड्रॉइंगवरचा, टूलवरचा आणि प्रेसमधून बाहेर पडलेल्या पार्टवरचा. हे तीन एकमेकांत मिसळले की पुढचा सगळा गोंधळ सुरू होतो.

आधी हे जमवा

कॅड उघडण्याआधी हातात असायला हवं:

- पार्टचं ड्रॉइंग, रिव्हिजन नंबरासह. व्हॉट्सॅपवर आलेला फोटो चालणार नाही.
- ग्राहकाचं ३डी मॉडेल. ते आणि ड्रॉइंग जुळतं का, हे स्वतः बघायचं.
- पत्र्याची ग्रेड आणि जाडीचा टॉलरन्स. "एमएस २ मिमी" ही ग्रेड झाली नाही. सीआर (कोल्ड रोल्ड) असेल तर डी, डीडी की ईडीडी. एचआर असेल तर ई२५० की ई३५०.
- मिल टेस्ट सर्टिफिकेट, निदान मागच्या लॉटचं.
- जिथे टूल चालणार त्या प्रेसचं टनेज, शट हाइट (प्रेस बंद असताना टूलसाठी उरणारी उंची) आणि बेडची मापं.
- हा पार्ट ज्याला जाऊन बसतो त्या शेजारच्या पार्टचं ड्रॉइंग. हे कोणी आपणहून देत नाही, मागून घ्या.

टेबलावर व्हर्निअर, मायक्रोमीटर, बेव्हल प्रोट्रॅक्टर, भिंग, आणि रेडियस गेजचा संच. रेडियस गेज १ ते ७, ७.५ ते १५ आणि १५.५ ते २५ अशा संचांत मिळतात. पहिले दोन तरी घ्याच. आणि सोल्डरची तार, अर्थातच.

१. ड्रॉइंगवरचा रेडियस आतला की बाहेरचा, ते ठरवा

बाण आतल्या कमानीला टेकला आहे की बाहेरच्या, हे झूम करून बघा. २ मिमी पत्र्यावर आर३ असं लिहिलंय आणि बाण बाहेरच्या कमानीला आहे, तर आतला रेडियस १ मिमी. तोच बाण तुम्ही आतला समजलात तर बाहेरचा ५ होईल. १ आणि ३ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे: एकात पत्र्याला तडा जाण्याची भीती, दुसऱ्यात शेजारच्या पार्टला अडकण्याची.

टायटल ब्लॉकजवळच्या टीपांत "न दाखवलेले सर्व रेडियस अमुक" अशी एक ओळ असते. ती आतल्याबद्दल आहे की बाहेरच्याबद्दल हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. तिथे अंदाज बांधू नका. ग्राहकाला मेल टाका आणि उत्तर फाइलला लावा. फोनवर "हो हो, आतलाच" असं सांगणारा माणूस सहा महिन्यांनी दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

ग्राहकाचं मॉडेल स्टेप फाइल म्हणून आलं असेल तर आतली आणि बाहेरची गोल फेस निवडून दोन्हींचे रेडियस मोजा. वजाबाकी पत्र्याच्या जाडीएवढी आली पाहिजे, आणि दोन्ही कमानींचं केंद्र एकच पाहिजे. सॉफ्टवेअर त्या सॉलिडचं शीटमेटलमध्ये रूपांतर करायला नकार देत असेल, तर बऱ्याचदा कारण हेच असतं. अशा वेळी नवखी मंडळी सेटिंगशी झटापट करत बसतात. मॉडेलच चुकीचं आहे, ते सुधारून घ्या.

कोनाचंही तसंच. काही ड्रॉइंगवर पत्रा किती वळला तो कोन असतो, काहींवर दोन अंगांमधला कोन. ९० ला दोन्ही सारखेच, म्हणून सवय लागत नाही. मग एखादा १२० चा बेंड येतो आणि टूल ६० चं होतं.

२. हा पत्रा एवढ्या रेडियसला वाकेल का, ते बघा

वाकवताना पत्र्याची आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते. बाहेरचा थर किती ताणला जातो याचा ढोबळ हिशोब सोपा आहे: रेडियसला जाडीने भागा, २ ने गुणा, १ मिळवा, आणि १ ला त्या आकड्याने भागा. आतला रेडियस जाडीइतका असेल तर ३३ टक्के. जाडीच्या निम्मा असेल तर ५० टक्के. दुप्पट असेल तर २०, तिप्पट असेल तर साधारण १४.

इथे एक शंका येते, मलाही आली होती. टेस्ट सर्टिफिकेटवर तर इलाँगेशन २२-२५ टक्केच असतं, मग जाडीइतक्या रेडियसला पत्रा फुटत कसा नाही? कारण टेन्साइल टेस्टमधलं इलाँगेशन हे नमुन्याच्या लांबीवरची सरासरी असते. तुटतो तिथे तो त्याहून बराच जास्त ताणलेला असतो. बेंडमध्ये ताण अगदी चिंचोळ्या पट्ट्यात असतो, शिवाय बाहेरच्या थराला आतले थर सावरून धरतात. म्हणून ते दोन आकडे सरळ समोरासमोर ठेवायचे नाहीत, पण कल मात्र कळतो.

मी सुरुवातीला धरते ते आतले रेडियस असे: सीआर डी किंवा डीडी असेल तर जाडीच्या अर्धा ते एक पट, एचआर ई२५० ला एक पट, ई३५० ला दीड ते दोन पट, एसएस ३०४ ला एक पट, अॅल्युमिनियम ५०५२-एच३२ ला एक ते दीड पट, ६०६१-टी६ ला तीन पट आणि त्याहून जास्त. हे माझे सुरुवातीचे आकडे आहेत, कायदा नव्हे. ६०६१-टी६ च्या बाबतीत मात्र कोणी "होऊन जाईल" म्हणालं तरी ऐकू नका. तो काचेसारखा तडकतो.

मानकांतल्या बेंड टेस्टचा आकडा वाचताना एक खड्डा आहे: तिथे मँड्रेलचा व्यास दिलेला असतो. टी म्हणजे जाडी, आणि "२टी" म्हणजे रेडियस १टी.

पत्रा फुटतो याला नेहमी रेडियसच कारण असतो असं नाही. रोलिंगच्या दिशेला समांतर बेंड घेतला की तडा लवकर जातो. बेंडची रेघ रोलिंगला आडवी हवी. दोन्ही दिशांना बेंड असतील तर ब्लँक, म्हणजे वाकवण्याआधीचा कापलेला सपाट तुकडा, ४५ अंशांत तिरका मांडून बघा. पत्रा थोडा जास्त लागेल, पण खोक्याभर स्क्रॅपपेक्षा स्वस्त. दुसरं म्हणजे बर, कापताना कडेला राहणारी धारदार किनार. ब्लँकिंगची बर बेंडच्या आतल्या बाजूला आली पाहिजे. बाहेर आली तर ताण तिथेच सुरू होतो आणि कडेपासून तडा आत येतो. म्हणजे बेंडचा रेडियस ठरवताना ब्लँकिंग टूलमध्ये पत्रा कुठल्या बाजूने कापला जाणार, हेही विचारायचं. हे दोन डिझायनर वेगवेगळे असले की हमखास राहून जातं.

३. रेडियस मॉडेलमध्ये एकाच ठिकाणी ठेवा

फिलेट ही शेवटची सजावट नाही. मॉडेल सुरू करतानाच पॅरामीटरची यादी करा. सॉलिडवर्क्समध्ये ग्लोबल व्हेरिएबल, एनएक्समध्ये एक्स्प्रेशन, क्रिओमध्ये पॅरामीटर, नावं वेगळी पण काम एकच. माझ्या टेम्प्लेटमध्ये एवढे असतात: जाडी, आतला रेडियस, बाहेरचा रेडियस, टूलमधला आतला रेडियस, टूलमधला कोन, एंट्री रेडियस (पत्र्याला वाट देणाऱ्या कडेचा), गॅप (पंच आणि डायमधला). त्यातला बाहेरचा रेडियस हाताने भरायचा नाही. तो आतला अधिक जाडी असं समीकरण. एवढी एक ओळ माझ्या पहिल्या टूलमध्ये असती तर फिटर काकांचे दोन दिवस वाचले असते.

मॉडेल बांधायची पद्धतही तशीच ठेवा. पत्र्याची एकच बाजू, शक्यतो आतली, सरफेस म्हणून किंवा स्केचमधल्या रेषा आणि कमानींनी काढा. रेडियस तिथेच द्या. मग जाडी देऊन फुगवा. बाहेरचा रेडियस आपोआप बरोबर येतो. शीटमेटल मोड्यूल वापरत असाल तर हे ते स्वतःच करतं, फक्त प्रत्येक फ्लँजला (वळवलेल्या अंगाला) "डिफॉल्ट रेडियस वापरा" ही खूण काढून हाताने आकडे भरत बसू नका. दहा बेंडांचा पार्ट, त्यातल्या तीन ठिकाणी हाताने भरलेला १.५, आणि ग्राहकाने रिव्हिजनमध्ये सगळे २ केले: मग कुठला बदलला आणि कुठला राहिला हे शोधताना रात्रीचे दहा वाजतात.

टूलची फेस पार्टवरून ऑफसेट करून घेताना सॉफ्टवेअर मध्येच एरर देतं. बहुतेक वेळा कारण हे असतं की ऑफसेट ज्या बाजूला आहे त्या बाजूची कमान ऑफसेटपेक्षा लहान आहे. रेडियस १ ची कमान केंद्राकडे १.५ ने सरकवायला सांगितली तर उरतं काय? पृष्ठभाग स्वतःवरच उलटतो. त्यावर पॅच मारत बसू नका. मोठ्या रेडियसच्या बाजूने ऑफसेट घ्या किंवा रेडियसच पुन्हा तपासा.

बेंडजवळच्या बाकी गोष्टीही याच पॅरामीटरला बांधा. बेंड रिलीफची (पत्रा फाटू नये म्हणून बेंडच्या टोकाला दिलेल्या खाचेची) रुंदी निदान जाडीइतकी, खोली जाडी अधिक आतला रेडियस. होलची कड बेंडपासून जाडीच्या दोन ते अडीच पट अधिक रेडियस एवढी दूर. नाहीतर गोल होल अंडाकृती होतं आणि दोष पिअर्सिंगवाल्यावर जातो.

४. के-फॅक्टर: डिफॉल्टवर विसंबू नका

रेडियस बरोबर असूनही ब्लँकची लांबी चुकते, ती इथे. बेंडमध्ये एक थर ना ताणला जातो ना दाबला जातो; तो आतल्या बाजूपासून जाडीच्या कितव्या हिश्शावर आहे, तो आकडा म्हणजे के-फॅक्टर. बेंडमध्ये खर्च होणारी लांबी म्हणजे रेडियस अधिक के-फॅक्टर गुणिले जाडी, आणि त्याला कोन रेडियनमध्ये गुणायचा. ९० अंशाला १.५७०८.

३ मिमी पत्रा, ३ चा रेडियस. के ०.५ धरला तर ७.०७ मिमी. के ०.३३ धरला तर ६.२७. एका बेंडला ०.८ मिमीचा फरक, चार बेंडांच्या पार्टला सव्वातीन मिमी. आणि डिफॉल्ट प्रत्येक सॉफ्टवेअरचा वेगळा: सॉलिडवर्क्स ०.५ धरून सुरू होतं, सॉलिड एज ०.३३, तर क्रिओ के मागतच नाही, वाय-फॅक्टर मागतं. वाय म्हणजे के गुणिले १.५७०८, आणि त्याचा डिफॉल्ट ०.५, म्हणजे के झाला ०.३१८. फ्रीकॅडच्या शीटमेटल वर्कबेंचमध्ये तर के कुठल्या पद्धतीचा, एएनएसआय की डीआयएन, हेही निवडावं लागतं. जर्मन पद्धतीचा आकडा दुप्पट असतो. दुसऱ्याच्या फाइलमधला के आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जसाच्या तसा टाकणाऱ्यांनी हे परिच्छेद दोनदा वाचावेत.

खरा के काढायला अर्धा तास लागतो. त्याच लॉटच्या पत्र्याची नेमकी १०० मिमी लांब पट्टी कापा, ज्या रेडियसला टूल करणार त्याच रेडियसला ९० अंशात वाकवा, दोन्ही अंगांची बाहेरून मापं घ्या आणि बेरीज करा. समजा बेरीज १०५.२ आली. वरचे ५.२ म्हणजे बेंड डिडक्शन. जाडी ३ आणि प्रत्यक्ष मोजलेला आतला रेडियस ३ असेल, तर दोन्हींची बेरीज ६, दुप्पट १२, त्यातून ५.२ वजा केले की ६.८ ही बेंडची लांबी. तिला १.५७०८ ने भागा, ४.३३; त्यातून रेडियसचे ३ वजा, उरले १.३३, भागिले जाडी, के आला ०.४४. पट्टीच्या आतला रेडियस गेजने मोजायला मात्र विसरू नका. पंचावर ३ लिहिलंय म्हणून पट्टीवर ३ असेलच असं नाही.

प्रेसब्रेकवर पॅनलचं काम करणाऱ्यांना हे विशेष लागू. एअर बेंडिंगमध्ये, म्हणजे पत्रा व्हीच्या तळाला न टेकवता वाकवताना, आतला रेडियस पंच ठरवत नाही, खालच्या व्हीचं तोंड ठरवतं. साध्या स्टीलला तो तोंडाच्या साधारण सहाव्या हिश्शाइतका येतो. २ मिमी पत्रा, १६ चा व्ही, तर आतला रेडियस २.६ च्या आसपास. मॉडेलमध्ये १ लिहून तो १ होत नाही.

५. टूलच्या कुठल्या कडेला कुठला रेडियस

नवे डिझायनर पार्टच्या रेडियसची टूलवर खिरापत वाटतात. टूलच्या प्रत्येक गोल कडेला स्वतःला विचारा: ही कड पार्टचा आकार घडवते, की पत्र्याला नुसती वाट देते?

वायपिंग टूल घ्या, म्हणजे पॅडने पत्रा डाय ब्लॉकवर दाबून धरायचा आणि बाजूने पंच खाली उतरून फ्लँज पाडतो. इथे पार्टचा आतला रेडियस डाय ब्लॉकच्या कडेवर असतो. पंचाच्या नाकाचा रेडियस पार्टवर कुठेच उमटत नाही. तो वाट देणारा. तो मी जाडीच्या तिप्पट धरून सुरू करते, आणि पत्रा सरकण्याच्या दिशेने पॉलिश करायला लिहिते. नाकाचा रेडियस लहान ठेवला की पत्रा खरवडला जातो, फ्लँजवर उभे ओरखडे येतात आणि पंचाला पत्रा चिकटायला लागतो. एका टूलवर हे दोन रेडियस अदलाबदल झालेले मी बघितलेत: ब्लॉकला ६, नाकाला २. पार्ट बघून ग्राहक म्हणाला, "हे ब्रॅकेट आहे की पन्हळ?"

यू-टूलमध्ये उलट. पंच आतला रेडियस घडवतो, डायच्या तोंडाचा रेडियस वाट देतो. आणि दोन्ही तोंडांचे रेडियस अगदी सारखे हवेत, नाहीतर पत्रा एका बाजूला आधी ओढला जातो आणि एक फ्लँज लहान, एक मोठा. व्ही-टूलमध्ये पंचाचं टोक आतला; खालच्या व्हीच्या तळाशी एक तर बाहेरचा रेडियस नेमका द्या, किंवा तळाला सरळ खाच काढून सोडून द्या. मधलं काही नको. माझ्या पहिल्या टूलमध्ये नेमकं मधलंच होतं.

गॅपचा रेडियसशी संबंध थेट आहे. पंच आणि डायमधला गॅप जाडीपेक्षा कमी झाला की पत्रा इस्त्रीसारखा घासला जातो. जास्त झाला की पत्रा कडेला चिकटून वळत नाही, मोठ्या गोलाईने वळतो, आणि आतला रेडियस तुमच्या डाय ब्लॉकपेक्षा मोठा येतो. ड्रॉइंगवरची नाममात्र जाडी धरू नका. पत्र्याच्या टॉलरन्समधली वरची जाडी धरा. एचआरला हा फरक चांगलाच जाणवतो.

आता एक नियम, जो मला काकांनी शिकवला आणि कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. बाहेर आलेली कड, म्हणजे पंचाचं टोक, डायचं तोंड, ब्लॉकची कड, ही रेडियसच्या लहान बाजूला ठेवा. घासून तो मोठा करता येतो. आत गेलेला कोपरा मोठ्या बाजूला ठेवा. तिथे धातू जास्त असतो, घासून तो लहान करता येतो. उलटं केलंत तर वेल्डिंग करावं लागतं, आणि हार्डन केलेल्या डी२ टूलस्टीलवर वेल्डिंग म्हणजे घरात ज्याचं नाव काढत नाहीत असा पाहुणा.

६. स्प्रिंगबॅक: कोनासोबत रेडियसही परत जातो

दाब सुटला की बेंड थोडा उघडतो, हाच स्प्रिंगबॅक, हे सगळ्यांना माहीत असतं. पण फक्त कोन उघडत नाही. रेडियसही मोठा होतो. आणि जाडीच्या मानाने रेडियस जितका मोठा, तितका स्प्रिंगबॅक जास्त. पुस्तकातल्या सूत्राने, यील्ड (ज्या ताणाला पत्रा कायमचा वाकायला लागतो तो) ३५० मेगापास्कल आणि २ मिमी पत्रा धरून काढलेले आकडे बघा. टूलमध्ये रेडियस ५ आणि कोन ९०: पार्टचा रेडियस ५.०७ आणि वळण ८९ अंश. टूलमध्ये रेडियस २०: पार्टचा २१.१ आणि वळण साडेपंच्याऐंशीच्या आसपास. पत्रा तोच, कोन तोच, फक्त रेडियस मोठा. लॉटचं खरं यील्ड सर्टिफिकेटवर जास्त निघालं की हा फरक आणखी वाढतो.

म्हणून मोठ्या रेडियसच्या बेंडला नुसता कोन जास्त देऊन भागत नाही. वरच्याच पत्र्यात तुम्हाला शेवटी रेडियस २० आणि ९० अंश हवे असतील, तर टूलवर साधारण रेडियस १९ आणि वळण ९४.४ अंश लागतं. दोन्ही एकत्र बदलायचे, कारण पत्र्याच्या मधल्या थराची लांबी तीच राहिली पाहिजे. कॅडमध्ये यासाठी एकाच पार्टची दोन कॉन्फिगरेशन ठेवा: एक "ग्राहकाचा", एक "टूलमधला". टूलची सगळी फेस दुसऱ्यावरून घ्या. ग्राहकाच्या मॉडेलला हात लावायचा नाही. नाहीतर तीन महिन्यांनी ९४.४ अंशांचं मॉडेल मंजुरीसाठी त्यालाच परत जातं. हसू नका, गेलेलं आहे.

लहान रेडियसच्या बेंडला व्ही-टूलमध्ये ८८ अंशांचा व्ही आणि कोपऱ्यावर नेमका दाब एवढ्याने बहुतेक साध्या स्टीलचं काम होतं. यू-टूलमध्ये पंचाच्या दोन्ही अंगांना दोन-तीन अंशांची उतरण ठेवा, म्हणजे फ्लँज आत ढकलायला जागा राहते. वायपिंग टूलमध्ये पंच सरळ खाली येतो, त्यामुळे ९० च्या पुढे न्यायला तो असमर्थ असतो. जास्त स्प्रिंगबॅकच्या पत्र्याला रोटरी बेंडर किंवा कॅम लागेल, हे कोटेशन देण्याआधीच सांगा.

सिम्युलेशन असेल तर जरूर करा. फक्त रेडियसवर जाळीची घरं पुरेशी बारीक आहेत का ते बघा. एका कमानीवर दोनच घरं पडली असतील तर रंगीत चित्र सुंदर येतं आणि उत्तर चुकीचं.

७. मशीन शॉपला पाठवताना

आतल्या कोपऱ्याचा रेडियस कटरच्या रेडियसपेक्षा थोडा मोठा ठेवा. ६ च्या कोपऱ्यात ५ रेडियसचा बॉलनोज (गोल टोकाचा कटर) आरामात फिरतो. नेमका ६ चा घातला तर कोपऱ्यात चॅटर, म्हणजे कटर थरथरल्याच्या खुणा, येतो. आरपार प्रोफाइल वायरकटला देणार असाल तर ०.२५ च्या वायरने आतला कोपरा ०.१५ मिमीच्या आसपास लहान होऊ शकतो, पण होतो म्हणून ठेवू नका. डी२ ५८-६० एचआरसी कडकपणाला हार्डन करताना धारदार आतल्या कोपऱ्यापासून तडा जातो. जिथे पार्टशी संबंध नाही तिथेही ०.५ चा रेडियस द्या.

ड्रॉइंगवर आकार घडवणाऱ्या रेडियसला टॉलरन्स लिहा, वाट देणाऱ्याला पॉलिशची दिशा लिहा. दोन्ही न लिहिता "सर्व कडा गोल करा" एवढंच लिहिलंत, तर बेंच-फिटर प्रेमाने सगळ्या कडा सारख्याच गोल करेल.

८. ट्रायलला स्वतः जा

मेलवर फोटो मागवू नका. सिन्नरला किंवा गोंद्याला प्रेस असेल तर तिथे जा. निदान पाच पार्ट घ्या, प्रत्येकावर मार्करने रोलिंगची दिशा आणि क्रमांक लिहा. रेडियस दोन्ही टोकांना आणि मध्ये असा तीन ठिकाणी मोजा. टोकाला आणि मध्ये फरक असेल तर डिझाइनला दोष देण्याआधी पॅडचा दाब आणि प्रेसची समांतरता बघा. गेज लावल्यावर पलीकडून बॅटरीचा उजेड टाका: मध्ये फट दिसली तर पार्टचा रेडियस गेजपेक्षा लहान, दोन्ही कडांना दिसली तर मोठा... बाहेरचा मोजत असाल तर हे उलटं होतं, हे तिथेच दोन वेळा ताडून घ्या. बाहेरच्या बाजूला भिंगाने बघा. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा दिसला तर तडा अजून गेलेला नाही, पण निघालेला आहे.

घासायचं ठरलं तर एका वेळी एकच रेडियस. पंच, तोंड आणि गॅप एकदम बदलले की कशाने फरक पडला हे कोणालाच कळत नाही.

घासून झालेला शेवटचा आकडा त्याच दिवशी कॅडच्या पॅरामीटरमध्ये भरा, आणि टूल हिस्टरी शीटवर लिहा: ग्रेड, हीट नंबर, मोजलेली जाडी, टूलवरचा रेडियस, पार्टवर आलेला रेडियस, कोन. त्या ट्रायलचा एक पार्ट, मार्करच्या खुणांसकट, तार बांधून टूलच्या खोक्यातच ठेवा. पुढच्या लॉटला पत्रा बदलेल आणि तुम्हाला रात्री फोन येईल, तेव्हा समोरच्याला सांगायचं, "आधी खोक्यातला पार्ट काढा, आणि त्याच्या शेजारी आत्ताचा ठेवा."